तात्यांचा देवदूत

आमच्या कुंभार पिंपळगावचे वार्ताहर रंगनाथतात्या यांच्या लेखी डॉक्टर नावाचा माणूसच नव्हता, होता तो फक्त 'देवदूत'. एका डॉक्टरने किडकी दाढ सोडून शेजारची उपटली, तर तो पेपरात 'दंतरुग्णांचा देवदूत' झाला. ती दाढ तात्यांचीच होती. गुरांच्या डॉक्टरलाही त्यांनी सोडलं नाही. मी पडलो शाळामास्तर, न राहवून हटकलं. तर म्हणाले, "डॉक्टर मोठा झाला की लोकं दवाखान्यात येतेत, मास्तर. बराबर का न्हाई?"

बातमीचं पाकीट ते सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, तेही इस्त्रीचा सदरा घालून. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात वर. त्यांची एकुलती एक लेक सुशीला, आई नसलेली पोर. ती दारातून चिडवायची, जगाचं नाव छापता, माझं कधी? तात्या म्हणायचे, कायतरी करून दाखव, मंग छापतो.

एका पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. दवाखान्यातला डॉक्टर नवखा, पोरसवदा. लोक आजाऱ्याला आधी देवऋषीकडे नेत आणि अंगारे लावून झाले की अखेरच्या घटकेला दवाखान्यात आणत. तात्यांनी डॉक्टरच्या हातात सलाइनची बाटली देऊन फोटो काढला. तो बिचारा काकुळतीला आलेला. माझं काही लिहू नका, सलाइन संपत आलंय एवढं लिहा, म्हणत होता. तात्यांनी दोन्ही लिहिलं. पेपरवाल्यांनी सलाइन कापलं आणि देवदूत फोटोसकट छापला. माझा संताप झाला. पण न्हाव्याच्या दुकानात तो पेपर मोठ्याने वाचला गेला आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बैलगाड्या थेट दवाखान्याकडे येऊ लागल्या, हेही खरं.

त्यातच सुशीला आजारी पडली. तात्या तिला उचलून त्याच डॉक्टरकडे घेऊन गेले. जालन्याहून सलाइन यायच्या आत ती गेली. देवदूत पायरीवर बसून पोरासारखा रडत होता.

दुसऱ्या सकाळी तात्या इस्त्रीचा सदरा घालून पाकीट घेऊन स्टँडवर उभे. आता तरी खरं लिहिलं असेल, असं मला वाटलं. पेपर आला, 'देवदूताची झुंज सुरूच'. सुशीलाचं नाव कुठेच नव्हतं. मी तो पेपर घेऊन तात्यांकडे गेलो आणि नको ते बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावाला माहीत हाये, मास्तर. पण वस्त्यांवरची लोकं पेपर ऐकून येऊन राह्यली. वार्ताहराचीच लेक वाचली न्हाई म्हणल्यावर गाड्या परत देवऋषीकडं वळल्या असत्या."

त्यांनी पेपरची घडी घातली.

"नाव छापा म्हणायची. ह्या बातमीत तिचं नाव बसत होतं. मीच घातलं न्हाई. बराबर का न्हाई?"

हा प्रश्न तात्या दिवसातून दहादा विचारायचे आणि उत्तराला कधी थांबायचे नाहीत. त्या दिवशी थांबले.