शुक्रवारचं भौतिकशास्त्र

नेब्रास्कातल्या ऑर्विल फॉर्क्स गावच्या हायस्कुलात विज्ञान सुधारायचा ठराव एकमतानं मंजूर झाला, तेव्हा शाळेत विज्ञानाचा शिक्षक नव्हता. आधीचा नोकरी सोडून विमा विकत होता. सुधारणा मात्र याच सत्रात दिसायला हवी होती. तेव्हा मुख्याध्यापिका टिल्मनबाईंनी फुटबॉलचा, म्हणजे तिकडच्या चेंडू हातानं फेकायच्या फुटबॉलचा, कोच गॅरिक वोल्ट्झ याला बोलावलं.

"बाई, मला भौतिकशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम! म्हणजे पूर्वग्रह नाहीत."

वोल्ट्झ भला माणूस. पुस्तक उघडलं की त्याला जांभया येत, म्हणून त्यानं वर्गच मैदानावर नेला. चेंडू कसा फेकला की कुठं पडतो, कोण आदळला की कोण उताणा होतो, हे त्याला पाठ होतं. पुस्तकातली सूत्रंही तेच म्हणत होती, हे पाहून पोरांइतकाच तोही चाट पडला. आजवर फळ्याकडे पाठ करून बसणारी पोरं जेवणाच्या सुट्टीत संवेगावरून हमरीतुमरीवर येऊ लागली. इतक्या वर्षांत वोल्ट्झला पहिल्यांदाच वर्ग संपू नये असं वाटलं.

शुक्रवारच्या सामन्यात घात झाला. त्याच वर्गातला, चेंडू फेकण्यात हुकमी असलेला कोल्बी ऐन मोक्याला चेंडू घेऊन विचारात पडला. समोरच्या चौघांनी त्याला चिखलात लोळवलं. सामना गेला.

"अरे गाढवा, फेकला का नाहीस?"

"वारा तिरका होता, कोच. हिशेब करत होतो. पण त्या चौघांचा संवेग काढलाय मी."

वोल्ट्झनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "किती आला रे?"

सोमवारी पालकांची तातडीची सभा भरली. विज्ञानाच्या यशाची गंभीर दखल घेण्यात आली. वोल्ट्झला भौतिकशास्त्रातून मुक्त करून तो विषय गायनाच्या बाईंकडे सोपवण्यात आला. त्यांच्या शिकवण्यानं मैदानावर काही परिणाम होण्याची भीती नव्हती.

"विज्ञान आम्हालाही हवंय हो," कोल्बीची आई कळवळून म्हणाली. "पण ते वहीत असावं. पोराच्या डोक्यात कशाला शिरायला हवं?"

टाळ्या थांबल्यावर वोल्ट्झ उठला. "पण पोरांना समजायला लागलंय, त्याचं काय?"

"समजण्याला गुण किती?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. विचारणारा सापडला नाही. आवाज मात्र ज्याला त्याला आपलाच वाटला.