उणे अकरा माणसं

“साहेब, भुयारात सध्या उणे अकरा माणसं आहेत,” गणितबाई फोनवर म्हणाल्या.

सावकाश साहेबांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. “उणे?”

“उणे.”

“अहो बाई, माणसं उणे कशी असतील?”

“ते मला विचारू नका. वजाबाकी मी दोनदा ताडून बघितलीय. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलाय माझा.”

सावकाश साहेब हे त्या बांधकामाचे सुरक्षा अधिकारी. शिडी चढणाऱ्याला, खड्ड्याजवळून जाणाऱ्याला, गरम चहा पिणाऱ्यालासुद्धा ते “सावकाश, सावकाश” म्हणायचे. त्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. डोंगराच्या पोटात एक प्रचंड प्रयोगशाळा उभी राहत होती. तिथे म्हणे असे कण पकडायचे होते की जे आत्ता या क्षणीही आपल्या अंगातून आरपार जाताहेत आणि आपल्याला पत्ता नाही. सावकाश साहेबांच्या अंगातून गेली दोन वर्षं इतकं काही आरपार गेलं होतं, की त्यात आणखी थोडे कण गेले तरी त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

घरी जायचं होतं, कारण बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते आधी दोनदा पुढे ढकललं होतं, आणि दोन्ही वेळा यांना रजा मिळाली नाही म्हणून. “शेजारणीला घेऊन जा ना,” असं साहेब एकदा म्हणाले होते. त्यावर “डोळ्याला पट्टी बांधल्यावर माझा हात शेजारणीने धरायचा का?” एवढं बोलून बायकोने फोन ठेवला होता. आता तिसरी तारीख उद्याची होती आणि प्रकल्पप्रमुखांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, “आज निरीक्षक येताहेत. त्यांनी तुमची सुरक्षा योजना मंजूर केली की लगेच निघा. नाही केली, तर मात्र नवी योजना लिहूनच जायचं.” संध्याकाळची एकच बस होती. साहेबांची पिशवी खुर्चीखाली भरून तयार होती.

योजना तशी चांगली होती. आग, पाणी, दरड, विषारी वायू, सगळ्याचा विचार केला होता. फक्त भुयारात कोणत्या वेळी किती माणसं आहेत हे मोजणारं यंत्र खरेदी विभागात अडकलं होतं. तोपर्यंतची सोय म्हणून साहेबांनी एक साधा उपाय काढला. भुयारात उतरायला एक खोल विहीर होती आणि तिच्यात लिफ्ट होती. लिफ्टजवळ एक फोन वर, एक खाली. उतरणाऱ्याने वरच्या फोनवर “जातो” म्हणायचं, वर आल्यावर त्याच फोनवर “आलो” म्हणायचं. नियंत्रण कक्षात बसलेल्या गणितबाईंनी “जातो”ला एक मिळवायचा, “आलो”ला एक वजा करायचा आणि खडूने फळ्यावर आकडा लिहायचा. यात चुकायला काही जागाच नव्हती. पद्धत आज सकाळच्या पाळीपासून सुरू झाली होती, आणि सकाळच्या पाळीतच माणसं उणे झाली होती.

“उतरताना ते नक्की काय म्हणतात?” साहेबांनी विचारलं.

“येतो.”

“काय?”

“‘येतो.’ सगळेच्या सगळे. येतो म्हणजे वर येतोय. केला एक वजा.”

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं आणि मुकादमाला बोलावून घेतलं. मुकादम आला, टोपी काढली, सगळं ऐकून घेतलं आणि टोपी परत घातली.

“साहेब, भुयारात उतरताना ‘जातो’ म्हणायचं?”

“हो. जातोय म्हणून जातो.”

“घरातून कोपऱ्यावर दूध आणायला जाताना तरी तुम्ही ‘जातो’ म्हणता का?”

साहेब म्हणत नसत.

“मग? दूध आणायला ‘येतो’ आणि जमिनीच्या पोटात शिरायला ‘जातो’? माझ्या आईने ऐकलं ना, तर मला कामावर पाठवायची नाही. आणि ही पोरं तर लग्न झालेली आहेत. जिभेवर कसं आणणार असलं अभद्र?”

“मग दुसरं काहीतरी म्हणा. पण ‘येतो’ नको!”

मुकादम निघाला. दारात थांबून “येतो साहेब,” म्हणाला आणि साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घाईघाईने बाहेर पडला.

दुसरं काहीतरी म्हणा म्हटल्यावर लोकांनी म्हटलं. कोणी “निघालो” म्हणाला, कोणी “उतरतो”, कोणी “जरा खाली जाऊन येतो”. या शेवटच्यावर गणितबाईंनी एक मिळवून एक वजा केला, म्हणजे तो माणूस भुयारात शिरलाही नाही. साहेब हाशहुश करत नियंत्रण कक्षात गेले.

“बाई, सोपं करू. ‘येतो’ म्हटलं की एक मिळवा. झालं!”

“आणि खालच्या फोनवरून ‘येतो’ म्हणतात, त्यांचं काय करू? लिफ्ट बोलवायला खालूनही फोन करतात ते. वरचा ‘येतो’ आणि खालचा ‘येतो’, ऐकायला सारखाच. दोघांना मिळवू?”

“नको.”

“मग वजा करू?”

“काही करू नका. बाई, तुम्ही जरा नुसत्या बसा.”

“नुसतं बसायचा पगार घेत नाही मी,” बाई म्हणाल्या आणि फळा पुसून आकडा पुन्हा लिहिला. तो आणखी खाली गेला होता.

निरीक्षक यायला फार वेळ नव्हता. साहेबांनी मग थकलेला माणूस घेतो तसा निर्णय घेतला. भुयार पूर्ण रिकामं करायचं, फळ्यावर शून्य लिहायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यासाठी सगळ्यांना वर आणायला हवं होतं आणि सगळे एकदम वर येतील असा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. त्यांनी धोक्याचा भोंगा वाजवला.

भोंग्याने काम चोख केलं. माणसं लिफ्ट भरभरून वर आली. नियम तो नियम म्हणून प्रत्येकाने फोन उचलून धापा टाकत “आलो” सांगितलं आणि गणितबाईंनी प्रत्येकाचा एक वजा केला. उतरतानाही वजा आणि चढतानाही वजा, अशी ती माणसं दुहेरी नाहीशी झाली. उणे पन्नाशी ओलांडली तेव्हा बाईंनी खडू बदलला.

इकडे विहिरीच्या तोंडाशी मुकादमाने एकेकाचा चेहरा बघितला आणि त्याचा स्वतःचा चेहरा उतरला. “साहेब, खालचं पाणी उपसणारा पंपवाला नाही दिसत.”

आता मात्र साहेब खरोखर घाबरले. भोंगा खोटा होता, पण माणूस खरा होता. त्यांनी धावत जाऊन नियंत्रण कक्षाला फोन लावला. “बाई, पंपवाल्याचा काही पत्ता?”

“पंपवाला ना? आला की. तीनदा आला.”

“तीनदा?”

“मी पंपापाशी फोन करून विचारलं, ‘येताय ना?’ म्हणाला, ‘आलोच.’ वजा केला. थोड्या वेळाने परत विचारलं, ‘आलोच.’ परत वजा. आत्ताच तिसऱ्यांदा झालं.”

“अहो, ‘आलोच’ म्हणजे आला नाही!”

“असं कसं? आलो हा भूतकाळ आहे.”

पंपवाला चौथ्यांदा “आलोच” म्हणाला आणि मुकादमाने फोनवरून त्याचा असा काही उद्धार केला की तो पान्हा हातात घेऊनच वर आला. भोंग्याचा आवाज पंपापाशी ऐकूच येत नाही, हे त्या निमित्ताने कळलं. साहेबांनी त्याला मिठी मारली. का ते त्याला कळलं नाही.

मिठी सुटली तेव्हा मागे निरीक्षक उभे होते. बारीक चणीचे, इस्त्रीच्या कपड्यातले, चेहऱ्यावर सुरकुतीखेरीज काही नाही असे. शेजारी प्रकल्पप्रमुख घाम पुसत होते.

“भोंगा कशाचा?” निरीक्षकांनी विचारलं.

“सराव होता, सर!” प्रकल्पप्रमुख म्हणाले. “पूर्वनियोजित.”

“छान. आत्ता भुयारात किती माणसं आहेत?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच फोन उचलला. पलीकडून गणितबाईंनी आकडा सांगितला. निरीक्षकांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

आता खोटं बोलण्यातही कष्ट होते आणि साहेबांच्यात तेवढा जीव उरला नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. निरीक्षकांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“म्हणजे एवढी मोठी योजना एका शब्दासाठी अडली. नियमात ‘जातो’ आहे तर ‘जातो’ म्हणायला काय जीभ झडते? विज्ञानाचं काम करता आणि असल्या समजुती! मी ही योजना मंजूर करू शकत नाही. आता खालचा पंप दाखवा मला.”

साहेबांच्या डोळ्यांपुढून बस निघून गेली. डोळ्याला पट्टी बांधलेली बायको एकटी भिंत चाचपत चाललेली दिसली. पण त्यांनी निरीक्षकांना हेल्मेट दिलं.

निरीक्षक लिफ्टच्या दारापर्यंत गेले. फळीच्या फटीतून त्यांना विहीर दिसली. खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं आणि गार वारा वर येत होता. मुकादमाने अदबीने फोन पुढे केला. “साहेब, नियम आहे.”

सगळी पाळी बघत उभी होती. निरीक्षकांनी फोन घेतला, घसा खाकरला, पुन्हा एकदा खाली पाहिलं.

“हॅलो. मी निरीक्षक बोलतोय. मी...” ते थांबले. “मी आपला... येतो.”

कोणी हसलं नाही. मुकादम आपल्या हेल्मेटचा पट्टा नको इतक्या बारकाईने तपासू लागला.

निरीक्षक वर आले तेव्हा त्यांनी पेन मागितलं आणि योजनेत स्वतःच्या हाताने बदल केला. वरच्या फोनवर ‘येतो’ म्हणजे गेला असं धरावं. खालच्या फोनवर ‘येतो’ म्हणजे माणूस अजून खालीच आहे असं धरावं. ‘आलो’ फोनवर चालणार नाही, समोर येऊन तोंड दाखवावं. ‘आलोच’ म्हणायला संपूर्ण बंदी. शिवाय पंपापाशी दुसरा भोंगा. मग त्यांनी सही केली.

सावकाश साहेबांनी खुर्चीखालची पिशवी ओढली आणि घरी फोन लावला.

“अगं, मिळाली रजा! बस धरतो, सकाळी थेट दवाखान्यातच—”

“ऑपरेशन झालं,” बायको म्हणाली.

“कधी?”

“काल. दवाखान्यातून फोन आला, एक जागा रिकामी झालीय म्हणून. शेजारणीला घेऊन गेले.”

साहेब खुर्चीत बसले. “अगं, पण मी येतो म्हटलं होतं ना!”

“म्हणूनच तर. तुम्ही ‘येतो’ म्हणालात, तेव्हाच मी शेजारणीला विचारून ठेवलं.”

साहेबांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. दोन वर्षं ते परक्या माणसांचा एकेक जीव मोजत होते आणि स्वतःच्या घरात त्यांना कोणी मोजत नव्हतं.

“हॅलो? ऐकताय ना?” बायकोचा आवाज जरा खाली आला. “पट्टी उद्या सोडणार आहेत. डोळा उघडल्यावर पहिल्यांदा शेजारणीचं तोंड दिसावं असं काही मला वाटत नाही. बघा बाई, जमलं तर.”

“आ...” साहेबांनी सुरुवात केली आणि शब्द तिथेच गिळला. मग फोन न ठेवता, काही एक न बोलता, ते पिशवी उचलून बसकडे पळत सुटले.