आर्लिनचा फ्लेक्स

आर्लिनची नोकरी फ्लेक्सवर आधी लागली आणि कंपनीत मागून. मधल्या नऊ दिवसांत तिच्या घरच्यांचे जे हाल झाले, ते आमच्या गल्लीत कुणाला कळलेच नाहीत. म्हणजे, एक माणूस सोडून.

झालं असं की, आर्लिनने कॉलेजात स्पॅनिश घेतलं होतं. चार वर्षं सगळी गल्ली तिच्या वडिलांना, हेर्नानींना, एकच प्रश्न विचारत होती, "स्पॅनिश लोक फिलिपिन्समधून जाऊन सव्वाशे वर्षं झाली, आता पोरगी बोलणार कुणाशी?" हेर्नानी तीनचाकी चालवतात, त्यामुळे प्रश्नातून सुटकाच नाही, प्रवासी मागे बसून विचारायचे. शेवटी एका कॉल सेंटरचं पत्र आलं. स्पॅनिश बोलणाऱ्याला दुप्पट पगार, काम घरून. आर्लिन पहिल्या फेरीत पास होती, दुसरी मुलाखत पुढच्या शनिवारी.

पत्र वाचलं तिता लुविमिंदाने, म्हणजे आर्लिनच्या आत्याने. तिने 'पास' एवढंच वाचलं आणि तडक छापखाना गाठला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडावर बारा फुटी फ्लेक्स झळकला : 'आमची शान आर्लिन! आंतरराष्ट्रीय कंपनीत निवड!'

"आत्या, अगं अजून मुलाखत व्हायचीय!" आर्लिन रडकुंडीला आली. "आत्ताच्या आत्ता उतरव तो."

"आता कसा उतरवू? अर्धे पैसे कॅप्टननी दिलेत."

ते तर दिसतच होतं. आमच्या वस्तीचे प्रमुख कॅप्टन रोहेलियो फ्लेक्सवर हात जोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा आर्लिनच्या चौपट होता. निवडणूक महिन्यावर आलेली. कॅप्टनचा चेहरा खाली उतरवायची कुणाची छाती?

दुसऱ्या दिवसापासून लोक घरातलं जुनं स्पॅनिश वाचून घ्यायला दारात यायला लागले. कुणी आजीच्या बाप्तिस्म्याचा दाखला आणला, कुणी संताच्या मूर्तीखालची अक्षरं मोबाइलवर दाखवली. सगळ्यांत चिवट निघाले शेजारचे लोलो तिबो, म्हणजे तिबो आजोबा. त्यांच्याकडे पणजोबांच्या पेटीतला पिवळा पडलेला स्पॅनिश कागद होता.

"वस्तीचं ऑफिस ज्या जागेवर आहे ना, ती आमची. यात लिहिलंय."

"तुम्ही वाचलंत?"

"मी कशाला वाचू? पेटीत तळाशी होता. फालतू कागद कुणी तळाशी ठेवतं का?"

ही बातमी कॅप्टनच्या कानावर गेली आणि ते दिवसातून दोनदा आर्लिनच्या तब्येतीची चौकशी करायला लागले. आर्लिन म्हणाली, शनिवारनंतर वाचते. तोवर गल्लीला दुसरा विषय नव्हता.

शनिवारी दहा वाजता आर्लिन लॅपटॉपसमोर बसली. पलीकडे सेन्योरा मोन्तेस, कंपनीच्या सेबूच्या ऑफिसातल्या. प्रश्न झाले, उत्तरं झाली, सेन्योरा खूश दिसल्या. इतक्यात लोलो तिबोंचा झुंजीचा कोंबडा, नाव जनरल, खिडकीखाली आरवला. मग पुन्हा आरवला. त्याला एकदा चेव आला की जेवणवेळेपर्यंत खंड नाही.

"तुझं स्पॅनिश उत्तम आहे," सेन्योरा म्हणाल्या, "पण काम घरून आहे. गिऱ्हाईक काय कोंबडा ऐकणार? सोमवारी याच वेळी पुन्हा बोलू. शांतता असेल तर जागा तुझी. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे."

आर्लिन धावतच लोलो तिबोंकडे गेली. "लोलो, पाया पडते, जनरलला दुसरीकडे हलवा."

"त्याला जागा बदललेली सोसत नाही. खाणं सोडतो."

"माझी नोकरी जाईल हो!"

"आधी कागद वाच. मग बघू."

तिने तिथेच अंगणात कागद उघडला. बघता बघता गल्ली गोळा झाली. कॅप्टनही आले, घाम पुसत. आर्लिनने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला हसू आवरेना.

"अगं, जमीन किती आहे?" लोलोंनी विचारलं.

"जमीन नाही, लोलो. हा गावच्या त्या वेळच्या प्रमुखाचा हुकूम आहे. तुमच्या पणजोबांचा कोंबडा पाद्रीबाबांच्या प्रार्थनेत व्यत्यय आणतो, अशी तक्रार होती. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या वारसांनी कोंबडा नदीपलीकडे ठेवावा."

कॅप्टनच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर अधिकारही. "हा हुकूम रद्द झाल्याचा कागद आहे तुमच्याकडे?"

"नाही बुवा."

"मग तो लागू आहे. वारस तुम्हीच ना? कागद तुम्हीच आणलात."

लोलो तिबोंनी जनरलला काखोटीला मारलं. त्याच दुपारी जनरल हेर्नानींच्या तीनचाकीतून नदीपलीकडे, लोलोंच्या मुलीकडे गेला. सोमवारी गल्लीत चिटपाखरूही ओरडलं नाही, आणि साडेदहाला आर्लिनला नोकरी मिळाली.

हेर्नानी अनवाणीच रस्त्यावर धावले. "लागली! माझ्या पोरीला नोकरी लागली!"

नाक्यावरच्या दुकानवाल्या बाईंनी मानही वर केली नाही. "अहो, किती दिवस तेच सांगाल? फ्लेक्सचा रंग उडाला आता."

पुढचा माणूस तर म्हणाला, "पहिला पगार झाला असेल ना? पार्टी कधी?"

चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, तो दिवस साजरा करायचीही चोरी. बिचारे हेर्नानी घरी येऊन मुकाट बसले. आर्लिनच्या आईने दार लोटून सणासुदीला करतात त्या पान्सितच्या शेवया परतल्या, आणि तिघं गुपचूप खायला बसले.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. लोलो तिबो उभे होते.

"लागली का गं एकदाची?" त्यांनी हळूच विचारलं.

आर्लिन बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं, आज लागली ते? फ्लेक्स तर..."

"मला कुठे वाचता येतं, बाळा?" लोलो म्हणाले. "मी आपला रोज तुझ्या बापाचं तोंड बघायचो. त्यावर आज पहिल्यांदा दिसलं."

आईने चौथं ताट मांडलं.