गजूदादांची दोन बोटं

माझ्या लग्नात गजूदादा चुरी, आमचे शेजारी, आहेर द्यायला पुढे आले, पाकीट माझ्या हातात कोंबलं, आणि आम्हा नवराबायकोच्या खांद्यांमध्ये उजव्या हाताची दोन बोटं आडवी घालून क्षणभर डोळे मिटले. "बरोबर बसलीय जोडी," ते म्हणाले. "दोन बोटं हायत मधे. घासायचं नाय." फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला. आमच्या अल्बममध्ये सप्तपदी पुसट आली आहे, गजूदादांची बोटं मात्र स्वच्छ दिसतात.

दोन बोटं हे त्यांचं जगाचं माप होतं. पंगतीत भात आणि भाजी यांच्यात दोन बोटं. वाढपी नवखा असला आणि त्याने आमटी भाताला लावली, की गजूदादा हात आखडून बसत. आमच्या गिरीज गावात त्यांची वाडी आमच्या वाडीला लागूनच. केळी होती, नारळ होते, पण जीव त्यांत नव्हता. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात मात्र आसपासच्या दहा गावांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इंजिन खोलण्याआधी ते त्याला कान लावत आणि म्हणत, "घासतंय कुठंतरी." हे निदान ते शाळेच्या फाटकाबद्दल करत, हेडमास्तरांच्या चपलेबद्दल करत, आणि एकदा भर देवळात कीर्तनकारबुवांच्या गळ्याबद्दलही केलं होतं. बुवा त्यानंतर गिरीजला आले नाहीत.

अशा माणसाच्या स्वतःच्याच गाडीचं चाक घासावं, याला काय म्हणणार!

ऐंशी सालच्या आगेमागे त्यांनी मुंबईहून एक जुनी गोलमटोल मोटार आणली होती. तिला लोक डुक्करगाडीच म्हणत. मूळची टायरं बारीक, म्हणून त्यांनी कुठल्याशा मोठ्या गाडीची रुंद टायरं बसवली. गाडी एकदम पैलवान दिसायला लागली. पण वळण आलं, की चाकातून 'खर्रर्र' असा आवाज येई आणि गजूदादांच्या चेहऱ्यावर दाढदुखी उमटे.

मग सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. मी शाळेतून घरी जाताना ते मला हाक मारत. "मास्तर, जरा या." मास्तर गेले की चहा मिळे आणि व्याख्यान मिळे. चाकाचा मधला खोलगट पत्रा म्हणून ताट हातात घेऊन ते मला समजावत, "हे बघा, चाकाची वाटी अशी सुलटी धरली तर टायर आत जातं नि स्प्रिंगला घासतं. हीच वाटी कमी खोल केली, तर टायर बाहेर येतं. कळलं?" मी मान हलवी. मी मराठी आणि इतिहास शिकवतो.

वाटी कमी खोल करणं खर्चाचं, म्हणून त्यांनी चाकामागे लोखंडाची जाड चकती घातली. तिला ते 'स्पेसर' म्हणत, आणि घरच्या माणसाचं नाव घ्यावं तितक्या मायेनं म्हणत. चकतीने चाक बाहेर आलं. स्प्रिंगला घासणं सुटलं. दुसऱ्या दिवशी टायर बाहेरच्या मडगार्डला घासलं! मग मडगार्डची कड आत वळवायला हवी. त्यासाठी त्यांनी घरातलं मुसळ काढलं, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अडकवलं, आणि मला गाडी ढकलायला लावली. मुसळ फिरत गेलं, कड दुमडत गेली, माझी कंबर धरली. तीन आठवडे मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं.

टायर नेमकं कुठं घासतं हे कळावं म्हणून ते टायरला चुना फासत, एक फेरी मारत, आणि चुना कुठं पुसला ते गुडघ्यावर बसून बघत. चकती कधी जाड होई, कधी पातळ. जाड केली तर बोल्ट आखूड पडत. "नटाला आठ आटे तरी धरायला पायजेत मास्तर, नायतर चाक पुढे नि आपण मागे." हे सांगताना त्यांना हसू येई. त्यांना हसताना मी एवढंच पाहिलं.

कारण घर रिकामं होतं. सुमनवहिनी 'चार दिवसांसाठी' आगाशीला माहेरी गेल्या होत्या, त्यालाही दोन वर्षं होत आली होती. त्याबद्दल आळीत प्रत्येकाचं वेगळं मत होतं आणि विचारायची हिंमत एकातही नव्हती. माझ्यातही नव्हती.

आणि मग एके दिवशी ते कागद नाचवत आले. मुंबईची काही हौशी मंडळी खाडीकडच्या खाजणात, म्हणजे तिथल्या मोकळ्या खाऱ्या जमिनीवर, मोटारींची शर्यत घेणार होती. ऑटोक्रॉस! रिकामे तेलाचे डबे मांडायचे, त्यांच्या मधून नागमोडी गाडी काढायची, एका वेळी एकच गाडी, आणि हातात घड्याळ घेतलेला माणूस वेळ मोजणार. डबा पाडला तर दंडाचे सेकंद. गाडीत शेजारी एक सोबती बसलाच पाहिजे, असा नियम. "तुम्ही बसायचं मास्तर," गजूदादा म्हणाले. "तिथली वळणं बघून आलोय मी. तिथं नाय घासलं, तर जगात कुठंच घासायचं नाय." तो कागद त्यांनी चार वेळा घडी करून चार वेळा उघडला. बक्षिसाच्या कपाची ओढ अशी असते, असं मला वाटलं.

शर्यतीच्या सकाळी सगळं खाजण माणसांनी फुललं होतं. केळ्यांचे व्यापारी बस्त्यांव डिमेलो तर चर्चला जायचा रविवारचा कोट घालूनच आले होते. "धूल उडतेय, पानी मारा रे कोनीतरी!" असं एक मिठागरवाले काका ओरडत होते आणि पाणी मारायचं सोडून शर्यत बघत होते. गाड्या घोंघावत होत्या, डबे उडत होते, पोरंसोरं, म्हातारेकोतारे शिट्ट्या मारत होते. मीही मारली. हेडमास्तर शेजारीच उभे होते, त्यांनीही मारली.

शर्यतीआधी एक सरावाची फेरी होती. मी डाव्या सीटवर बसलो. गाडी सुटली, पहिला डबा, दुसरा डबा, आणि पहिल्याच उजव्या वळणाला माझ्या बाजूच्या चाकातून आवाज आला. खर्रर्र.

गजूदादांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "काल पहाटे नव्हतं," ते म्हणाले. "वटारच्या रस्त्यावर वीस वेळा वळवली. शेजारी वाळूचं पोतं ठेवून."

"केवढं पोतं?" मी विचारलं. मी तेव्हा एकोणऐंशी किलोचा होतो.

"सत्तेचाळीस किलो."

"अहो, सत्तेचाळीस किलोचा सोबती धरतं का कुणी? निदान साठ तरी धरायचे!"

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "तिचं वजन तेवढं हाय मास्तर."

आणि त्या धुळीत, नंबर पुकारला जात असताना, गजूदादांनी मला सांगितलं. नवी टायरं बसवली त्याच आठवड्यात ते वहिनींना घेऊन आगाशीला निघाले होते. वळण आलं की चाक घासे. दोघांच्या वजनानं घासतं हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून प्रत्येक वळणाआधी ते गाडी थांबवत आणि म्हणत, "जरा उतर गं." वहिनी उतरत, वळण चालत पार करत, पुढे जाऊन पुन्हा बसत. नवी साडी, डोक्यावर ऊन, वाडीवाडीतून बायका बघतायत. अकराव्या वळणाला वहिनी उतरल्या त्या परत बसल्याच नाहीत. मागून आलेल्या एस्टीला हात केला आणि माहेरी गेल्या.

"मला वाटलं, चाक नीट करून न्यायला जावं," ते म्हणाले. "नुसतं तोंड घेऊन कसा जाऊ?"

 मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. दोन वर्षं! पण तेवढ्यात नंबर दुसऱ्यांदा पुकारला गेला. मी दार उघडून उतरलो आणि गर्दीकडे धावत ओरडलो, "बस्त्यांव! ओ बस्त्यांव! वजन किती तुमचं?"

"पन्नास पन नाय मास्तर! कशाला?"

मी त्यांना कोटासकट उचललं आणि सीटवर बसवलं.

झेंडा पडला. काय ती गाडी सुटली! डब्यांच्या रांगेतून ती सरसर निघाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, बस्त्यांव खिडकीबाहेर "येजू! येजू!" असा येशूचा धावा करत होते, आणि मी दोरीला पोट लावून फक्त चाकाकडे कान देऊन उभा होतो. सगळ्यात वाईट वळण आलं. गाडी कलली, मडगार्ड टायरवर उतरलं, उतरलं, आणि तसंच अधांतरी राहिलं. आवाज नाही! मी हेडमास्तरांना मिठी मारली.

शेवटची रेघ ओलांडून गाडी थांबायला हवी होती. ती थांबलीच नाही. खाजणाच्या बांधावरून रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने बस्त्यांव धुळीने माखून चालत आले. "मला रस्त्यावर उतरवला नि गेला आगाशीला," ते म्हणाले. "सॉरी पन नाय बोलला!"

गजूदादांचा दुसरा नंबर आला. शर्यतवाल्यांनी वीतभर कप माझ्याकडे दिला. तो घेऊन मी संध्याकाळी गिरीजच्या नाक्यावर थांबलो. दिवस मावळायच्या बेताला आगाशीकडून गाडी आली. डाव्या सीटवर सुमनवहिनी होत्या, ताठ बसलेल्या, मांडीवर कपड्यांची पिशवी. आळीत शिरायचं वळण जवळ आलं तसा वेग कमी झाला आणि वहिनींचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

"बस गं," गजूदादा म्हणाले. "आता उतरायचं नाय."

मी कप पाठीमागे धरून उभा राहिलो. पुढे व्हावंसं वाटलं नाही. गाडी वळली, आणि वहिनींनी कडीवरचा हात काढून पिशवीवर ठेवला.