सदर क्रमांक चार

एका माहितीपटावर येणाऱ्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचणे, त्यांची सहा सदरांत वर्गवारी करणे आणि संध्याकाळी सहाच्या आत तक्ता वर पाठवणे, एवढेच काम वर्गीकारक बाईंकडे होते. माहितीपट पाच भागांचा होता. ड्रायव्हिंग स्कूलचा एक मास्तर गाडी शिकायला येणाऱ्या बायकांना आडरस्त्याला नेऊन एकोणीस वर्षे छळत होता. बेचाळीस जणींनी तक्रारी केल्या आणि बेचाळीसही तक्रारी योग्य त्या कपाटात व्यवस्थित पोचल्या, अशी ती हकिगत. मास्तर आता तुरुंगात होता आणि माहितीपट घराघरांत.

सदरे वरूनच ठरून आली होती. एक, हादरलो. दोन, मला आधीच संशय आला होता. तीन, बायकांनी तेव्हाच का नाही सांगितले. चार, पुढचा भाग कधी. पाच, आवाज आणि चित्र यांबाबत तक्रार. सहा, कथानक फोडणारा मजकूर. हा दिसताक्षणी काळ्या पट्टीखाली झाकायचा. पहिल्याच आठवड्यात सदर दोनमध्ये अकरा हजार नोंदी झाल्या. आजूबाजूला इतके संशयी लोक असताना मास्तर एकोणीस वर्षे मोकळा राहिलाच कसा, असे बाईंच्या मनात आले. सदर तीनमध्येही सात हजार जमले. पाचही भागांत बायका सांगण्यापलीकडे दुसरे काही करतच नव्हत्या, पण प्रेक्षकांचे बहुधा तेवढ्या वेळात लक्ष नसावे.

सगळ्यांचा लाडका ठरला तो निळ्या शर्टवाला. हा मास्तरचा जुना मदतनीस. तिसऱ्या भागात निळा शर्ट घालून तो कॅमेऱ्यासमोर बसला होता आणि "मी रोज त्याच्या शेजारी असायचो हो, पण मला कधी कळलंच नाही," असे म्हणत डोळे पुसत होता. बाईंच्या सासूबाईंनी तो भाग तीनदा पाहिला.

"किती गरीब आहे गं बिचारा," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरूनच कळतं माणूस कसा आहे ते."

गुरुवारी दुपारी बाईंच्या समोर एक प्रतिक्रिया आली. तिला एकही स्टार दिलेला नव्हता.

"निळ्या शर्टवाला खोटं बोलतोय. मास्तर असला की गाडीची दारं हाच लावून घ्यायचा, आणि मास्तर रजेवर असला की तेच सगळं स्वतः करायचा. माझ्याशी केलंय. आता त्यानं बाजारामागे स्वतःचं स्कूल काढलंय. माझी भाची सोमवारी सकाळी आठला पहिल्या धड्याला जाणार आहे. मी परगावी असते. घरचे माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तो टीव्हीवर रडला. काय करू, कळवा."

बाईंनी ती दोनदा वाचली आणि कागदावर उतरवून विभागप्रमुखांकडे नेली. विभागप्रमुखांनी चष्मा लावून, चवीने वाचली.

"हे कुठल्या सदरात घालू, सर?"

"त्यात काय विचारायचं? आपण त्याला चांगला दाखवलाय, ही म्हणते वाईट आहे. म्हणजे कथानक फुटलं. सदर सहा."

"सर, हे कथानक नाही. सोमवारी ती मुलगी त्याच्या गाडीत बसणार आहे."

"सोमवारी आपलं काहीच प्रदर्शित होत नाहीये," विभागप्रमुख वेळापत्रक पाहून म्हणाले. "आणि हे बघा, परवा त्याचा सत्कार ठेवलाय आपण. महिलांची सुरक्षा या विषयावर बोलणार आहे. अशा वेळी असलं काही वर पाठवणं बरं दिसतं का?"

पट्टी लागली. पत्र लिहिणारीला काही कळवावे, तर नियमाप्रमाणे एकच उत्तर पाठवता येत होते. "आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत. आपल्याला हेही आवडेल," असा तो मजकूर होता आणि त्याखाली अशाच आणखी तीन नराधमांचे माहितीपट सुचवलेले असत. बाईंनी ते पाठवले नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून बाई पोलीस चौकीत गेल्या. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिले आणि निळा शर्ट हे शब्द कानावर पडताच हात वर केला.

"थांबा, थांबा. माझा चौथा भाग राहिलाय. पुढचं सांगू नका."

"अहो, पुढचं नाही. तुमच्या हद्दीतलं सांगतेय."

"बरं, मग तक्रार जिची आहे तिनं यायला पाहिजे. ती कुठाय?"

"परगावी."

"तर तिथल्या चौकीत जाऊ दे तिला."

"तिथे काय म्हणतील?"

"म्हणतील, प्रकार इकडचा आहे, इकडे जा," हवालदार म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

शनिवारी सत्कार झाला. निळ्या शर्टवाल्याने दोन वेळा डोळे पुसले, सभागृहाने तीन वेळा. बाई शेवटच्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरीच्या अकरा वर्षांत त्यांनी एक नोंदही चुकीच्या सदरात टाकलेली नव्हती. कार्यक्रम संपताच त्या वर आपल्या टेबलाशी गेल्या, पत्रावरची काळी पट्टी काढली, त्याला आपल्या हाताने पाच स्टार दिले आणि सदर एकमध्ये टाकले. पाच स्टारची प्रतिक्रिया आपोआप सगळ्यात वर दिसते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते.

रविवारी दुपारपर्यंत ते पत्र चाळीस हजार लोकांनी वाचले. अंगावर काटा आला, असे नऊ हजारांनी कळवले. काय लिहिते ही बाई, हिच्यावरच सिरीज काढा, अशीही सूचना आली. सासूबाईंनी चहा घेता घेता ते वाचले.

"मला तो पहिल्यापासूनच बरा वाटला नव्हता," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरूनच कळतं."

दोन हजार लोकांनी मात्र स्कूलचा पत्ता विचारला. बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी नियम बाजूला ठेवून एकेकाला पत्ता कळवला.

सोमवारी पावणेआठला बाई बाजारामागे पोचल्या, तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आले, सगळे आले, असे वाटून त्यांना हायसे वाटले. मग त्यांनी नीट पाहिले. लोक निळ्या शर्टवाल्याबरोबर फोटो काढून घेत होते. त्याने मुद्दाम तोच शर्ट घातला होता. खरे काय आणि खोटे काय ते स्वतःच बघावे, म्हणून बऱ्याच जणींनी एकेका धड्यासाठी नावही घातले होते. दारावर नंबरांची यादी लागली होती.

यादीतला पहिला नंबर हातात अर्ज घेऊन गाडीशी उभा होता. नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी.

"मावशीनं पाठवलं का तुम्हाला?" बाई थेट आपल्याकडेच येताहेत हे पाहून तिने विचारले.

"तसंच समज. नको बसूस त्याच्या गाडीत."

"घरचे म्हणाले, एवढे लोक बघत असताना काय होणार आहे?"

"बाळा, गाडी इथून सुटते. पुढे लोक नसतात."

मुलीने गर्दीकडे पाहिले, मग गाडीकडे. तिने अर्जाची घडी केली, पिशवीत घातली आणि ती रांगेतून बाहेर पडली. बाईंचे डोळे भरून आले. एवढ्यात मागून आवाज आला.

"चला, माझा नंबर लागला."

दोन नंबरच्या बाईंनी पुढे होऊन गाडीचे दार उघडलेही. तेव्हा वर्गीकारक बाई गाडीसमोर गेल्या आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"मी हलणार नाही," त्या म्हणाल्या.

निळ्या शर्टवाल्याने डोळे पुसायला सुरुवात केली. त्याने गाडीही सुरू केली. शंभरेक फोन एकदम वर गेले. बाईंच्या डाव्या-उजव्या अंगाला उभे राहायला भरपूर जागा होती, पण तिथून चित्रण नीट आले नसते.

मंगळवारी सकाळी ते चित्रण प्रतिक्रियांसह विभागात वर्गवारीसाठी आले. ते सत्तेचाळीस सेकंदांचे होते. गाडी गुरगुरते, बाई हलत नाहीत आणि तिथेच ते संपते. बाईंची खुर्ची रिकामी असल्याने काम विभागप्रमुखांनी स्वतः हातात घेतले आणि पाच मिनिटांत उरकले. बाराच्या बारा हजार प्रेक्षकांनी एकच विचारले होते, पुढे काय झालं?

तुम्हीही आता तेच विचारणार असाल, तर तसदी घेऊ नका. तुमची नोंद झालेली आहे. सदर क्रमांक चार.