मत्तय पाच, एकोणपन्नास

श्यामलाबाई रणभिसे यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पाहून डॉक्टर नुसतंच "अरे बापरे" म्हणाले होते. डॉक्टरांनी असं म्हणू नये, असं श्यामलाबाईंचं मत पडलं आणि त्या तपासणीच्या खुर्चीवरून उठून थेट रिक्षात जाऊन बसल्या. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मोडली.

"देवानं दिलेल्या डोळ्याला माणसानं पातं लावायचं नसतं," असं त्या म्हणत.

"आई, मागच्या वर्षी तुम्ही दाढ काढलीत. ती काय देवानं दिलेली नव्हती?" सून सलोनीनं एकदा विचारून पाहिलं.

"दाढा बऱ्याच दिल्यात त्यानं. डोळे दोनच."

त्यातला डावा आधीपासूनच अधू होता. आता डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं होतं की मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर आतल्या आत फुटेल आणि मग मलाही काही करता येणार नाही. जानेवारीतला पहिला मंगळवार ठरला. सलोनीनं रजा टाकली. नातू केदार हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्यानं घरून काम करायची परवानगी काढली. सगळं ठरल्यावर श्यामलाबाई म्हणाल्या, "रविवारी वर्षाचं वचन निघू दे. त्यात काय येतं ते बघून सांगते."

सलोनीनं कपाळाला हात लावला. आधीच्या दोन्ही तारखा वचनांनीच मोडल्या होत्या.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा बाकांवरून फिरे. डब्यात पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या सुरळ्या असत. प्रत्येकानं एक उचलायची, तेच त्याचं वर्षभराचं वचन. दोन वर्षांपूर्वी श्यामलाबाईंना 'परमेश्वर माझा प्रकाश आहे' असं निघालं. "प्रकाशाची सोय झाली," असं म्हणून त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. गेल्या वर्षी 'भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे' निघालं. "तो बरोबर आहे, मग डॉक्टर कशाला?" असं म्हणत त्या नगरला बहिणीकडे निघून गेल्या आणि तारीख टळल्यावरच परतल्या.

गंमत अशी, की गेली चाळीस वर्षं त्या चिठ्ठ्या श्यामलाबाईच लिहीत आल्या होत्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, टाकानं, वळणदार अक्षरात. डिसेंबरात घरभर शाईचा वास असे आणि वाळत घातलेल्या चिठ्ठ्यांवरून पोरांना उड्या मारून जावं लागे. वचनं निवडायचीही त्यांनीच. भाजी निवडताना किडकी शेंग बाजूला टाकावी, तशी त्या दटावणारी सगळी वचनं बाजूला ठेवत. त्यांच्या लहानपणीचे पाळकसाहेब दीड दीड तास नरकावर बोलत, आणि त्या जाळाची धग पहिल्या बाकापर्यंत येई. तेव्हा पहिल्या बाकावर बसणाऱ्या श्यामलेनं ठरवलं होतं, की आपल्या हातून कुणाला भाजायचं नाही.

या वर्षी मात्र डोळ्यांमुळे लिहिणं जमेना. कंपनीच्या बसमध्ये अडकलेल्या केदारला त्यांनी फोन केला, "एकशेवीस अभिवचनं छापून आण रे."

अभिवचन म्हणजे देवानं माणसाला दिलेला शब्द. हे चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक. केदारच्या शेजारच्या सीटवर त्याचा अमरावतीचा मित्र अभि बसला होता, आणि ऑफिसातल्या प्रिंटरची किल्ली या अभिकडे असते हे केदारनं घरी शंभरदा सांगितलेलं होतं. त्यामुळे त्याला ऐकू आलं ते, 'एकशेवीस, अभि, वचनं छापून आण.' आजीला अभिचं नाव लक्षात राहिलं याचं त्याला कौतुकच वाटलं.

"अभि, बायबलमधली एकशेवीस वचनं काढशील?"

"कशी पाहिजे?"

"कशीही. जोरदार."

अभिनं कधी चर्चची पायरी चढली नव्हती, पण काम मनापासून केलं. सगळी जोरदार काढली.

रविवारी डबा फिरला. श्यामलाबाईंनी डोळे मिटून एक सुरळी उचलली आणि केदारच्या हातात दिली. "वाच."

केदारनं सुरळी उलगडली. त्यावर लिहिलं होतं, 'तुझा उजवा डोळा तुला पापात पाडत असेल, तर तो उपटुन फेकून दे.'

त्यानं ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच होतं.

"काय रे, एवढं लांब आहे का?"

"नाही, नाही. 'भिऊ नको,'" केदार म्हणाला. "एवढंच. भिऊ नको."

"कुठलं आहे?"

केदारला पवित्र शास्त्र बेताचंच येत होतं. त्यानं चिठ्ठीखालचं पुस्तकाचं नाव, अध्याय आणि वचनाचा आकडा वाचायला सुरुवात केली. "मत्तय पाच, एकोण..." आणि तो सावध झाला. खरा आकडा सांगितला तर आजी ओळखेल. "...पन्नास. एकोणपन्नास."

"मत्तय पाच, एकोणपन्नास," श्यामलाबाई सावकाश म्हणाल्या. "बरं."

केदारनं सुटकेचा श्वास टाकला आणि स्वतःची सुरळी न उघडताच शर्टाच्या खिशात घातली. आणखी एखादं वचन वाचायची त्याची हिंमत नव्हती.

बाहेर चहाच्या टेबलाशी एव्हाना गलका माजला होता. पाळकसाहेब शुभंकर आढाव तरुण होते, गिटार वाजवत आणि प्रवचनात कुणालाही लागेल असं बोलत नसत. त्यांच्याभोवती दहा-बारा माणसं चिठ्ठ्या नाचवत उभी होती. दोन बंगले असलेल्या बद्रीनाथ कदमांना 'तुझं सगळं विकून गरिबांना दे' असं निघालं होतं.

"ते मनानं विकायचं, कदमसाहेब," पाळकसाहेब समजावत होते. "आसक्ती सोडायची. बंगले राहू द्यायचे."

"देव तुमचं भलं करो," म्हणत कदम दोन कप चहा प्यायले.

महिला मंडळाच्या अध्यक्षा यमुनाबाई साठे इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या चिठ्ठीवर 'बायकांनी मंडळीत गप्प बसावं' असं होतं, आणि मंडळी म्हणजे चर्चला जमणारी सगळी माणसं.

"ते करिंथ गावातल्या बायकांसाठी होतं, यमुनाबाई. त्या काळची परिस्थिती वेगळी होती."

"मग करिंथच्या बायकांची चिठ्ठी बिबवेवाडीत कशी आली?"

"त्याचा अर्थ जरा व्यापक..."

"वीस वर्षं ह्या मंडळीची सूचना मी देते, गाणं मी उचलते, कुलूपसुद्धा मी लावते. आता गप्पच बसते. बघू कसं चालतं." आणि त्या खरोखरच गप्प बसल्या. त्या दिवशी चर्चला कुलूप लागलं नाही, कारण किल्ली कुठे आहे ते त्या बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर केदारनं स्वयंपाकघरात आईला खरी चिठ्ठी दाखवली. सलोनीनं ती वाचून कणकेच्या डब्यामागे लपवली.

"आईंना कळलं तर त्या दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवणार नाहीत. देवच कोपलाय म्हणतील."

"नाही कळणार. मी निभावून नेलं ना."

तेवढ्यात बाहेरून श्यामलाबाईंचा आवाज आला. "सलोनी, उद्या संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवू. महिला मंडळाला बोलाव. माझं वचन पाळकसाहेबांनी मोठ्यानं वाचायचं आणि अर्थ सांगायचा. मगच मी मंगळवारचं ठरवीन."

केदारनं रात्रीचं जेवण निम्मंच केलं. सोमवारी सकाळी सलोनी खोली झाडायला गेली, तर पलंगाखाली श्यामलाबाईंची कापडी पिशवी भरलेली. आत टॉवेल, दोन लुगडी, पवित्र शास्त्र आणि शेंगदाण्याचे लाडू. ती धावत बाहेर आली. "केदार, ह्या पुन्हा नगरला निघाल्यात!"

केदारनं दाराची कडी वरून लावली आणि एक नवी चिठ्ठी तयार केली. तिच्यावर 'भिऊ नको' लिहिलं आणि खाली मत्तय ५:४९. संध्याकाळी पाळकसाहेब आले तेव्हा त्यानं त्यांना पार्किंगमध्येच गाठलं.

"सर, फक्त हे वाचायचं."

पाळकसाहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "केदार, हे शास्त्रात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे असं शास्त्रात नाही! जो शास्त्रात भर घालील त्याच्यावर देव पीडा आणील, असं शेवटच्या पानावर लिहिलंय. ठाऊक आहे तुला?"

"पण काल तुम्ही म्हणालात, कठोर वचनं शब्दशः घ्यायची नसतात."

पाळकसाहेब दुचाकीचा आरसा पुसू लागले. "तसं मी कदमांना म्हणालो."

"सर, आजीचा डोळा जाईल."

पाळकसाहेबांनी आरसा आणखी थोडा पुसला आणि चिठ्ठी खिशात घातली.

वर आठ-दहा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. यमुनाबाई कोपऱ्यात वही आणि पेन घेऊन होत्या. कुणी 'सलाम' म्हटलं की वहीत 'सलाम' लिहून दाखवत. गाणं उचलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते तीन वेगवेगळ्या सुरांत सुरू झालं आणि तीन वेगवेगळ्या वेळी संपलं.

"वाचा, पाळकसाहेब," श्यामलाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी काढली, उलगडली, घसा साफ केला. "श्यामलाआजी, वचन कसं, मनातल्या मनात वाचलं की जास्त खोल जातं."

"मला दिसत नाही. मोठ्यानं वाचा."

"आता मथितार्थ असा, की देव प्रेम आहे..."

"ते मला माहीत आहे. वचन काय आहे?"

पाळकसाहेबांनी केदारकडे पाहिलं. केदारनं पंख्याकडे पाहिलं. सलोनी चहा गाळायला उठली, तो आधीच गाळलेला होता. यमुनाबाईंना सलोनीनं सकाळीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी वहीत भराभरा काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पेनाची शाई संपली. त्यांनी पेन झटकलं, तोंडावर हात धरला, आणि वीस वर्षांची सवय उसळून वर आली.

"अहो श्यामलाबाई, तुमचा उजवा डोळा उपटून फेका म्हणून आलंय वचनात! किती लपवतात ही माणसं!"

सलोनी गाळणी हातात घेऊनच बाहेर आली.

"आजी, ते अलंकारिक आहे!" पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "डोळा म्हणजे डोळा नव्हे. डोळा म्हणजे वाईट नजर."

"आणि उपटणं म्हणजे उपटणं नाही, आजी," केदार म्हणाला. "त्या काळात बोलायची पद्धतच तशी होती."

"करिंथला," यमुनाबाईंनी भर घातली. आता त्या थांबणार नव्हत्या.

श्यामलाबाईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग त्यांनी पदर सावरला.

"केदार, मत्तयच्या पाचव्या अध्यायात वचनं किती?"

"किती?"

"अठ्ठेचाळीस. एकोणपन्नासावं तू कुठून आणलंस?"

केदारनं पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"एकोण म्हणून अडखळलास तेव्हाच मी ओळखलं. त्या अध्यायात एकोण तीनच आहेत. एकोणिसावं आणि एकोणचाळिसावं कुणी लपवणार नाही. उरलं एकोणतीस." त्या हसल्या. "म्हटलं, बघू या, घरात आणि मंडळीत खरं वाचून दाखवणारं कोण निघतं. यमुनाबाई निघाल्या."

यमुनाबाईंनी वही मिटून मांडीखाली घातली.

"म्हणजे आई, तुम्ही उद्या येणार नाही?" सलोनीनं विचारलं. "ती पिशवी..."

"दवाखान्याचीच आहे ती. रविवारी दुपारीच भरली. लाडू तुमच्यासाठी, बाहेर बसून भूक लागते." त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. "दोन वर्षं त्यानं गोड शब्द दिले, आणि मी पांघरूण ओढून निजले. 'भिऊ नको' म्हटल्यावर माणूस घरीच बसतो. आता तो स्वच्छ सांगतोय, उजवा डोळा उपटून टाक. अहो, डॉक्टर तर नुसता मोतीबिंदूच काढणार. केवढी सूट दिलीय त्यानं! आणि ह्यात अलंकार कसले शोधताय? तारीखसुद्धा लागलीय."

पाळकसाहेबांनी हळूच एकोणपन्नासावं वचन चुरगाळून खिशात टाकलं. मग यमुनाबाईंनी गाणं उचललं, आणि ते एकाच सुरात सुरू होऊन एकाच वेळी संपलं.

मंगळवारी ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डॉक्टर या वेळी "वा" म्हणाले, आणि डॉक्टरांनी असं म्हणावं, असं श्यामलाबाईंचं मत पडलं. बुधवारी पट्टी निघाली. गुरुवारी सकाळी त्या गॅलरीत बसल्या होत्या. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरीवरची फुलं पिवळी आहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. त्यांनी कणकेच्या डब्यामागची चिठ्ठी मागवून घेतली आणि उजव्या डोळ्यासमोर धरली.

"'उपटून'मधला टू दीर्घ असतो. तुझ्या त्या अभिला सांग. आणि पुढच्या वर्षी चिठ्ठ्या मी लिहिणार. गोड लिहीन, पण पाच-सहा ह्या असल्या घालीन म्हणते. एखाद्याचं ऑपरेशन अडलेलं असायचं." मग त्यांनी वर पाहिलं. "तुझं वचन काय निघालं रे?"

डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली हातात घेऊन केदार उभा होता. त्याला एकदम आठवलं. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून त्यानं चुरगळलेली सुरळी काढून आजीला दिली. श्यामलाबाईंनी ती चष्म्याशिवाय, एका दमात वाचली.

"'तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं.' मत्तय पाच, सदतीस."

केदारनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. "आजी, हे अलंकारिक असेल ना?"

"ते राहू दे. थेंब घाल." श्यामलाबाईंनी मान मागे टेकवली, आणि तशाच वर बघत विचारलं, "हात धुतलेस?"

केदारनं तोंड उघडलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि निमूटपणे बेसिनकडे गेला.