उत्तरेच्या उजेडातलं लाल

माझ्या भाचीच्या लग्नात मधुकरकाकाजींनी नवरीचा पदर धरला आणि ते उत्तरेच्या दाराकडे चालू लागले. त्यांना फक्त शालूचा रंग पाहायचा होता. पदराला नवरी जोडलेली आहे, हे जरा उशिरा त्यांच्या लक्षात आलं. वरपक्ष हार हातात घेऊन ताटकळत उभा. काकाजींनी पदर उजेडात धरला, एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला, "लाल चांगलं हाय, पन पिवयी झाक मारते. सुपर नाई. फेअर."

काकाजी आमचे अमरावतीतले शेजारी, भिंतीला भिंत लागून. नोकरीभर त्यांनी कापसाची प्रतवारी केली. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, जिथे कापूस तिथे काकाजी. ढिगातून मूठभर कापूस उचलायचा, उत्तरेच्या खिडकीशी न्यायचा आणि प्रत सांगायची. खिडकी उत्तरेचीच हवी. तिथला उजेड दिवसभर सारखा असतो, त्यात ऊन नसतं. "उनात समदंच चांगलं दिसते," काकाजी म्हणत. "ऊन म्हंजे दलाल हाय."

नोकरी संपली तरी प्रतवारी संपली नाही. चांगल्याला सुपर, बऱ्याला फेअर, आणि टाकाऊ ते सगळं फरदड. हंगाम सरल्यावर थकलेल्या झाडाला जी शेवटची खुरटी बोंडं लागतात, त्या कापसाला फरदड म्हणतात. काकाजींच्या लेखी गल्लीतला रस्ता फरदड होता, टीव्हीवरचे सगळे पुढारी फरदड होते आणि एकदा माझे पोहेही फरदड निघाले.

"मग ठेवा ती ताटली खाली," मी म्हटलं.

"फरदड हाय म्हनलं, टाकून देतो म्हनलं काय?" असं म्हणून त्यांनी ताटली पुसून खाल्ली.

त्यांच्या घरात प्रतवारी न करणारं एकच माणूस, इंदूकाकू. त्यांना सगळंच चांगलं. भाजी चांगली, पाऊस चांगला, जावई चांगला. "लग्न झाल्यापासून या बाईनं माह्या एका गोष्टीची प्रत सांगतली नाई," काकाजींची ही कायमची तक्रार. "एकडाव सुपर म्हन ना वं! नाईतर फरदड म्हन! पन काईतरी म्हन!" काकू हसायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं हाय नं."

संधिवातामुळे थंडीत काकूंचं बाहेर येणं बंद झालं. उत्तरेच्या खोलीत खिडकीसमोर खुर्ची टाकून त्या बसून राहायला लागल्या, तेव्हा काकाजींनी जाहीर केलं, "पांढरं पाहून पाहून माहे डोये इटले. आता या खोलीत लाल फूल फुलवतो. असं लाल, का इंदूनं सोता होऊन सुपर म्हनलं पाह्यजे."

ते फूल म्हणजे अ‍ॅमरिलिस. आपल्या अंगणात जी लाल लिली असते, ती त्याचीच साधी बहीण. उन्हाळ्यात कोणी न विचारता फुलते. मी म्हटलं, तीच लावा की कुंडीत. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कापसाच्या ढिगात सरकी टाकली. "थे लाल नोय, सुनंदा. थे ईट हाय."

मग मोबाइलवर लाल पाहणं सुरू झालं. मोबाइल घेऊन ते उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. कंद दूरच्या डोंगराळ भागातल्या रोपवाटिकेतून कुरिअरने आले, तेही आमच्या घरी, कारण काकाजींना दारावरची बेल ऐकू येत नाही. माझ्या नवऱ्याने ते कांद्याच्या टोपलीत ओतले, आणि मी वेळेवर आले म्हणून त्या दिवशी झुणका कांद्याचाच झाला.

पहिले कंद काळ्या मातीत सडले. ज्या मातीत कापूस येतो तिच्यात काहीही येतं, असा काकाजींचा समज. मी रेती आणि शेणखत मिसळून दिलं, कंदाची मान मातीबाहेर ठेवायला सांगितली, पाणी बेताने घाला म्हटलं. एवढं त्यांनी ऐकलं. कुंडी मात्र उत्तरेच्या खिडकीतून हलवेनात.

"काकाजी, झाडाले ऊन लागते."

"झाडाले लागते. रंगाले नाई लागत."

व्हायचं तेच झालं. उजेडासाठी दांडा लांबत गेला आणि आडवा झाला. काकाजींनी त्याला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या, काडीचा आधार देऊन सुतळीने बांधलं. इतक्या दुरून आलेलं ते फूल चोर पकडून बांधावा तसं उभं राहिलं. पण फुललं. जात 'रेड पर्ल', जवळजवळ काळपट लाल. काकाजी वेडे व्हायचेच बाकी होते. "याले म्हनते लाल! खोल हाय, इहिरीवानी!" मग काकूंकडे वळून, "कसं हाय?"

"चांगलं हाय."

पुढच्या हिवाळ्यात 'रेड पिकॉक', दाट पाकळ्यांचं, मधे पांढरी रेघ. "कसं हाय?" "चांगलं हाय नं." काकाजींचं तोंड फुगून कुरिअरच्या खोक्याएवढं झालं.

मी म्हटलं, ते 'रेड लायन' का नाही आणत? सगळीकडे मिळतं, मोठं येतं, भडक असतं.

"थे? थे तर बाजारात ढिगानं हाय. भडक म्हंजे का सुपर असते काय? फरदड!"

माझं माहेर अकोल्यात, जुन्या शहरात. आईला पाहायला मी अधूनमधून गाडी घेऊन जाते. गेल्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावर, काकाजी सकाळीच दारात उभे. "आमी दोघं येऊ काय वं? इंदूच्या चष्म्याचा नंबर पाह्याचा हाय." अमरावतीत चष्म्याची एवढी दुकानं असताना अकोल्याला कशाला, हे मी विचारलं नाही. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना सोडलं, संध्याकाळी परत घेतलं.  मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. काकू गाडीतच बसल्या. काकाजींनी चहाचा ग्लास हातात नुसता धरून ठेवला.

"डोयाचा मांगचा पडदा गेला म्हनते," ते म्हणाले. "हल्लीचा नाई. दोन-तीन वर्साचा. मधातलं दिसत नाई, कडंकडंचं दिसते थोडंसं. थेबी जाईन."

"तुम्हाला कळलं कधी?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. फूल सुकलं होतं, मी कापून टाकलं. काडीले नुसता दांडा होता. सवयीनं इचारलं, कसं हाय? म्हने, चांगलं हाय."

 मी चहावाल्याला सांगितलं, एक चहा गाडीत दे.

"डॉक्टरनं मले एकट्याले बाजूले नेऊन सांगतलं. तिले वाटते मले मालूम नाई," काकाजी म्हणाले. "वाटू दे. डॉक्टर म्हने, भडक रंग दिसंल काई दिवस, मोठा असंल तर. तू सांगतलं होतं थे लायन. पह्यल्याच वर्सी थे आनलं असतं, तर दिसलं असतं तिले. दोन हिवाये गेले, मी प्रत पाहत बसलो."

मग त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला. "आता उरली थे फरदड. पन फरदडबी येचतेच मानूस. झाडावर थोडीच ठेवते?"

या दिवाळीनंतर कुरिअरच्या खोक्यात सगळे 'रेड लायन' होते. काकाजींनी कुंड्या कोणी न सांगता पूर्वेच्या व्हरांड्यात, उन्हात ठेवल्या. दांडे आखूड, जाड आले. पऱ्हाटी लागली नाही. काकूंना बाहेर येता येत नाही म्हणून हळदीकुंकवाचं सामान घेऊन मीच त्यांच्याकडे गेले, तेव्हा एका दांड्यावर चार फुलं होती, वाटीएवढी, भडक. इतकी भडक की मलाच डोळे बारीक करावेसे वाटले.

काकाजींनी कुंडी आत आणली. खिडकीशी माझं हळदीकुंकवाचं सामान मांडलेलं होतं म्हणून ती काकूंच्या उजव्या हाताला, स्टुलावर ठेवली. चालताना पाय वाजवायची काकाजींना सवय नाही.

"आनलं बरं," ते म्हणाले. "कसं हाय?"

काकूंनी मान वर केली. दरवर्षी कुंडी जिथे असायची, त्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझ्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली.

"सुपर हाय," काकू म्हणाल्या.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टुलावरची कुंडी दोन्ही हातांनी उचलली, माझं सामान कोपराने बाजूला सारलं आणि ती आवाज न करता खिडकीत ठेवली, काकू पाहत होत्या तिथे.